घरी शिकणारी दोन मुलं, एक नऊचा, एक पाचची: दिवस कसा बसवता?

मोरपंखी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथले धागे नुसते वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय.

मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाचची. मुलाला यंदा शाळेतून काढलं, मुलीला घातलंच नाही. निर्णय आम्ही दोघांनी पुष्कळ विचार करून घेतलाय, तेव्हा शाळा असावी की नसावी हा वाद कृपया इथे नको. माझी अडचण रोजच्या दिवसाची आहे.

सकाळी नऊला मुलाला गणिताला बसवते. पाच मिनिटं होत नाहीत तोच मुलगी येते. कधी पेन्सिल पळवते, कधी त्याच्या वहीवर स्वतःचं चित्र काढायला घेते, नाहीतर माझ्या मांडीवर चढून बसते. तिला दुसऱ्या खोलीत पाठवलं की तिकडून रडणं सुरू. तिची समजूत काढून परत येईपर्यंत मुलगा खिडकीशी जाऊन उभा राहिलेला. बारा वाजतात तेव्हा गणिताचं जेमतेम एक पान झालेलं असतं, स्वयंपाक अर्धवट असतो आणि माझा आवाज चढलेला असतो. नवरा घरूनच काम करतो, त्यामुळे त्याच्या मीटिंगा चालू असताना मुलांना गप्प ठेवणं हे आणखी एक काम.

सासूबाई आमच्याजवळच राहतात. त्यांनी कधी विरोध केला नाही, पण त्यांना काळजी वाटते. रोज संध्याकाळी नातवाला विचारतात, "आज काय शिकलास रे?" तो म्हणतो, "काही नाही." मग त्या माझ्याकडे बघतात, आणि काय बोलावं ते मला सुचत नाही.

शाळेत असतं तसं तासातासाचं वेळापत्रक करून भिंतीवर लावलंय. एकही दिवस ते पाळलं गेलेलं नाही. ज्यांच्या घरी वेगवेगळ्या वयांची मुलं एकत्र शिकतात त्यांनी सांगा, तुमचा दिवस नेमका कसा चालतो? धाकट्यांना कशात गुंतवता? रोज किती तास अभ्यास पुरतो? मोबाइल हातात देणं हा उपाय मला नकोय.

ओसरी

मोरपंखी, वयाने मोठी असेन म्हणून तुला अगं-तुगं करतेय. आमची तीन मुलं: थोरला सोळाचा, मधली बाराची, धाकटा सातचा. थोरला सुरुवातीला शाळेत जायचा, बाकी दोघं घरीच शिकली. त्यामुळे तू लिहिलेली सकाळ मला चांगली ओळखीची आहे.

सगळ्यात आधी एकच बदल कर. दिवसाची सुरुवात मुलीपासून कर, मुलापासून नको. आपल्याला वाटतं, मोठ्याचा अभ्यास महत्त्वाचा, तो उरकू, मग धाकटीकडे बघू. पण पाच वर्षांचं मूल सकाळी उठल्यापासून आपल्या वाट्याच्या आईची वाट बघत असतं. ती मिळेपर्यंत ते पेन्सिल पळवणार, मांडीवर चढणार, पाडणार, रडणार. ते त्याचं मागणंच असतं. नाश्ता झाला की पहिला अर्धा तास पूर्ण तिचा. जमिनीवर बसायचं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि ती म्हणेल तो खेळ खेळायचा. बाहुलीचा दवाखाना म्हणाली तर दवाखाना. तिला त्यातून काही शिकवायला जाऊ नकोस, रंग ओळख, आकडे मोज असलं काही नाही. शेवटी तिने निवडलेलं एक पुस्तक वाचायचं. तेवढ्या वेळात मुलाने स्वतःचं अंथरूण आवरायचं, झाडांना पाणी घालायचं, हवं ते वाचत बसायचं. पोट भरलेलं मूल जसं ताटावरून आपोआप उठतं तसं ती आपणहून उठून जाते. पहिल्या दोन-चार दिवसांत जाणार नाही, कारण उद्याही हे मिळणार आहे यावर तिचा अजून विश्वास बसलेला नसतो. तो बसू दे.

मग तिची पेटी. ही पेटी फक्त दादाच्या गणिताच्या वेळी उघडते, एरवी उंचावर राहते. आमच्या पेटीत काय असतं ते सांगते: चिकटपट्टीचा एक पूर्ण रोल, बोथट टोकाची कात्री, जुनी मासिकं, कपड्यांचे चिमटे, भिंग, मोठे मणी आणि बुटाची नाडी, जाड खडू. यातली चिकटपट्टी सगळ्यात कामाची. धाकट्याने एकदा खुर्चीच्या चार पायांभोवती ती गुंडाळून जाळं केलं आणि कागदाचे बोळे त्यावर फेकत बसला. कुठला बोळा चिकटतो, कुठला गळून पडतो, हलका का चिकटतो आणि मोठा का पडतो, हे सगळं तो स्वतःशीच बोलत होता. मधलीचे अपूर्णांक तेवढ्या वेळात शांतपणे झाले. रोल संपतो, तर संपू दे. दर आठवड्याला पेटीतल्या दोन वस्तू काढायच्या, दोन नव्या घालायच्या. काढलेल्या वस्तू महिन्याने परत ठेवल्या की पुन्हा नव्यासारख्याच.

आता ते भिंतीवरचं वेळापत्रक काढून टाक. घरात घड्याळाचं वेळापत्रक टिकत नाही, क्रम टिकतो. आमच्याकडे नाश्ता, जेवण, दुपारचा चहा आणि रात्रीचं जेवण या चार खुंट्या आहेत. बाकीचं सगळं त्यांना अडकवलेलं. नाश्त्यानंतर धाकट्याचा वेळ, मग गणित, मग बाहेर. जेवणानंतर वाचन, मग निवांत तास. चहानंतर ज्याचं त्याचं आवडीचं काम. हे अकराला सुरू झालं तरी चालतं. मूल आजारी पडलं, पाहुणे आले, सकाळ गेली, तर गेलेल्याच्या मागे धावायचं नाही, पुढच्या खुंटीपासून धरायचं. मुलांनाही "दहा वाजले, चला" यापेक्षा "हे झालं की ते" लवकर अंगवळणी पडतं आणि रोजची घासाघीस कमी होते.

किती तास, हे तू विचारलंस. शाळेच्या तासांशी तुलना करू नकोस. तिथे एका माणसाला वर्गभर मुलांना सोबत न्यायचं असतं. हजेरी, वह्या वाटणं, तपासणं, सगळे गप्प होण्याची वाट बघणं यात बराच वेळ जातो. तुझ्यासमोर एकच मूल आहे. त्याला समजलं की नाही हे तुला त्याच्या चेहऱ्यावर त्याच क्षणी दिसतं. नऊ वर्षांच्या मुलाला लक्ष देऊन केलेलं वीस-पंचवीस मिनिटांचं गणित आणि सगळं मिळून दीड-दोन तासांचं बैठं काम मला पुरेसं वाटतं. पाचव्या वर्षी बैठं काम नसलं तरी चालेल. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बाईंनी लहान मुलांचे धडे छोटेच ठेवावेत असा आग्रह धरला होता. वीस मिनिटांच्या आत, पूर्ण लक्ष देऊन, आणि मुलाचं लक्ष विरायच्या आधी विषय बदलायचा. मूल कंटाळून पुस्तक मिटतं त्याच्या पाच मिनिटं आधी आपण मिटायचं. उद्या ते तक्रार न करता येऊन बसतं, हा माझा अनुभव आहे.

त्याच बाईंची दुसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि तुझ्या सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तरही तिच्यात आहे. मोठ्याने एकदा वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि म्हणायचं, "सांग मला." बस. मधे टोकायचं नाही, नावं चुकली तरी दुरुस्त करायची नाहीत, "आणि त्या राजाचं काय झालं?" असा धागाही पुरवायचा नाही. मूल आठवून, जुळवून, स्वतःच्या शब्दांत सांगतं. सुरुवातीला दोन वाक्यं येतील. येऊ देत. यामागे नुसता विश्वास नाही. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. परत परत वाचायला लावण्यापेक्षा एकदा नीट आठवू देण्यात जास्त अर्थ आहे.

आता सासूबाई. "आज काय शिकलास" हा प्रश्न मोठ्या माणसालाही पेलणार नाही. तो काही लपवत नाहीये, त्याच्या डोक्यात दिवसाचे असे विषयवार कप्पेच नाहीत. दुपारचं वाचन त्यांनी ऐकायचं नाही, असं मुद्दाम ठरव. संध्याकाळी त्याला म्हण, "आजीला माहीत नाही त्या बेटावर काय झालं, तिला सांग जा." ज्याला खरंच माहीत नाही अशा माणसाला सांगताना मूल जास्त नीट सांगतं, कारण आजी मधेच विचारते, "पण तो तिथे पोचला कसा?" आणि मग त्याला मागे जाऊन सांगावं लागतं. त्यांची काळजीही त्यातूनच कमी होईल. नातू समोर बसून भडाभडा बोलतोय हे त्यांना दिसू दे, तुला वेगळं काही पटवून द्यावं लागणार नाही. आणि त्यांना एखादं काम पूर्णपणे सोपव. शिवणकाम, हिशेबाची वही, पत्ते, त्यांना जे येत असेल ते. त्यात तू लक्ष घालायचं नाहीस.

मुलगा नुकताच शाळेतून आलाय, म्हणून आणखी एक. होमस्कूलिंग करणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो, शाळेच्या प्रत्येक वर्षामागे एक महिना मोकळा द्यावा म्हणतात. तो काही नियम नाही. पण सुरुवातीचे काही महिने खिडकीशी उभं राहण्यात गेले तर घाबरू नकोस. सूचना मिळाल्याशिवाय स्वतःहून काय करायचं हे त्याला नव्याने कळायचंय.

निवांत तास मात्र सोडू नकोस. जेवणानंतर प्रत्येक जण वेगळ्या कोपऱ्यात, पुस्तक किंवा खेळ घेऊन, न बोलता. तूसुद्धा. सुरुवात पंधरा मिनिटांनी कर आणि हळूहळू वाढव. या वेळात स्वयंपाकघर आवरायचं नाही, हे तुला मुद्दाम सांगतेय. नवऱ्याच्या महत्त्वाच्या मीटिंगा या तासात आणि तुम्ही बाहेर असाल त्या वेळात बसतील का ते त्याला विचार. दारावर लाल-हिरवं कार्ड लाव. पाच वर्षांच्या मुलीला कार्ड उलटवायचं काम दिलं तर लाल असताना तीच सगळ्यांना गप्प करेल.

त्रिज्या

ओसरीताईंशी पूर्ण सहमत. आमच्याकडे गणित आणि विज्ञान माझ्याकडे (बाबा) आहे, त्यातलं थोडं लिहितो.

नऊ वर्षांच्या मुलाचे पाढे पक्के नसतील तर घोकायला लावण्याआधी त्याला एक गोष्ट दाखवा. चौकटीच्या कागदावर दहा बाय दहाचा तक्ता काढा. शंभर घरं दिसतात आणि मूल तिथेच हबकतं. मग रंगवायला लावा. तीन गुणिले सात आणि सात गुणिले तीन एकच, म्हणून कर्णाच्या एका बाजूचा सगळा भाग रंगवून टाकायचा. उरली पंचावन्न. एकचा पाढा येतो, दहाचा येतो, दोनचा म्हणजे दुप्पट, पाचचाही येतो. तेही रंगवा. आता एकवीसच घरं मोकळी राहतात. नऊच्या पाढ्यात उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच येते, अठरा, सत्तावीस, छत्तीस, हे त्याला स्वतः शोधू द्या. तीही गेली की राहिली पंधरा. माझ्या मुलीने ती पंधरा घरं मोजली आणि विचारलं, "एवढेच?" त्या एवढ्याशा पंधरांवर रोज पाच मिनिटं, त्यातही कालची आधी. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून दाखवलं होतं की शिकलेलं बरंचसं पहिल्या काही तासांत निसटतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी दुसऱ्या दिवशी हवी, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने. रविवारी तासभर बसवून घेतलेल्या पाढ्यांचा उपयोग कमी.

दुसरं, दोन्ही मुलांना एकत्र धरणारं काम. दारात दोरी टांगा, टोकाला एखादा जड नट बांधा. टांगलेल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत एक मीटर. थोडासाच झोका द्या आणि जाऊन परत येणं असे दहा झोके मोजा. साधारण वीस सेकंद लागतात. मोठ्याने घड्याळ धरायचं, लहानीने मोजायचं. आता दोन नट बांधा आणि आधी अंदाज विचारा. आमच्याकडे दोघांनीही ठामपणे सांगितलं होतं, जड आहे, लवकर होईल. वेळ तेवढाच लागला. मग दोरी अर्धी करा, पन्नास सेंटिमीटर. मोठा म्हणणार दहा सेकंद. लागतात चौदा. इथे त्याला थांबू द्या, स्वतः काही बोलू नका. दहा सेकंद यायला दोरी पंचवीस सेंटिमीटर लागते, म्हणजे चौथाई. लांबी चौपट केली तर वेळ दुप्पट, हे त्याच्या हातून निघालं पाहिजे. आमच्या मुलाला ते सापडायला बरेच दिवस लागले आणि त्या काळात दोरी दारातच लटकत होती, येता-जाता सगळ्यांनी वाकून जायचं. वर्गमूळ हा शब्द त्याला नंतर मिळाला.

मोजमापासाठी वेगळं साहित्य आणू नका. मापाचे कप आणि पाणी पुरतं. पाव कप किती वेळा ओतला की पाऊण होतो हे पाच वर्षांची मुलगी बादलीजवळ बसून शोधते, आणि तेच काम नऊ वर्षांचा मुलगा कागदावर लिहितो.

पायवाट

आमची मुलगी आता सतरा वर्षांची आहे, म्हणून पुढच्या टप्प्यावरून लिहिते.

तुम्ही जिथे राहता तिथला कायदा आधी नीट वाचून घ्या. देशादेशात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे. अमेरिकेत पन्नासही राज्यांत घरी शिकवायला परवानगी आहे, पण नोंदणी, नोंदी, चाचण्या याबद्दल प्रत्येक राज्याचं वेगळं. आणि कुठेही राहत असलात तरी नोंद ठेवा, कोणी मागितली नाही तरी. मी रोज रात्री दोनच ओळी लिहायची: काय वाचलं, काय केलं, तिने काय विचारलं. तारखेसह. प्रत्येक महिन्यातून तिच्या कामातले चार-पाच नमुने एका फाइलमध्ये, त्यात फसलेलंही. पुढे बाहेरून परीक्षा द्यायची ठरली तेव्हा त्या फाइलींचा फार उपयोग झाला. त्याहून मोठा उपयोग मनासाठी. आपल्याला वाटत असतं की या महिन्यात काहीच झालं नाही; मागची पानं उघडली की दिसतं किती झालं ते.

ओसरी यांच्या एका मुद्द्याला मात्र थोडा विरोध. क्रम पुरेसा आहे हे लहान वयात खरं. बारा-तेराच्या पुढे मुलांना घड्याळही लागतं, कारण बाहेरची शिकवणी, खेळाचा सराव, मित्रमैत्रिणी सगळं वेळेवर चालतं. आमच्या मुलीने स्वतः आठवड्याचा आराखडा मागितला आणि आम्ही तो तिच्याकडूनच करून घेतला.

मित्रमंडळींचा प्रश्न तुम्हाला सगळे विचारतील. एकदा भेटलेली दहा मुलं आणि दर आठवड्याला ठरावीक दिवशी भेटणारी दोन मुलं यात दुसरं निवडा. मैत्री पुन्हा पुन्हा भेटण्यातून होते. रोज घराबाहेर तर जायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाला रोज सरासरी साठ मिनिटं तरी दमवणारी हालचाल सांगते, आणि उघड्यावर जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांना चष्मा लागण्याचा धोका कमी असतो असं अभ्यासांत दिसलंय. घरी शिकताना दिवसच्या दिवस चार भिंतींत जाऊ शकतो, तिकडे लक्ष असू द्या.

मोरपंखी

सगळ्यांचे मनापासून आभार. ओसरीताई, अगं-तुगंच बरं वाटलं. वेळापत्रक काल काढलं. नवऱ्याला त्रिज्या यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, दोरी आणि नट घेऊन तो आत्ता दाराजवळच आहे.

एक राहिलं. मुलगा लिहायला अजिबात तयार नसतो. तोंडी सगळं सांगतो, गोष्टी रचतो, पण "आता हे लिही" म्हटलं की डोळ्यांत पाणी. दोन ओळींना पाऊण तास. त्याला लिहितं कसं करू? आणि घरकाम, त्यात मुलांना किती ओढावं?

ओसरी

पायवाट यांचं म्हणणं पटलं. माझ्या थोरल्याच्या हातातही आता घड्याळ आहे आणि ते त्यानेच मागून घेतलंय.

मोरपंखी, लिहिणं म्हणजे दोन वेगळी कामं आहेत: काय सांगायचं ते जुळवणं आणि हाताने अक्षरं काढणं. तुझ्या मुलाला पहिलं छान येतंय, दुसरं अजून जड जातंय. दोन्ही एकदम मागितलं की डोळ्यांत पाणी येतं. म्हणून सध्या ती वेगळी कर. गोष्ट तो सांगेल, तू त्याच्या शब्दांत जशीच्या तशी लिहून घे. भाषा सुधारू नकोस. मग ती त्याला वाचून दाखव. आपलं बोलणं कागदावर उतरलेलं बघून मुलं स्वतःच म्हणतात, "इथे हे काढ, ते घाल." लेखनातली खरी मेहनत तीच आहे आणि पेन्सिल न धरता तो ती करतोय. हाताचा सराव वेगळ्या वेळी कर: त्याला आवडलेल्या पुस्तकातली एक-दोन वाक्यं बघून लिहायची, पाच मिनिटं, चांगल्या अक्षरात, आणि थांबायचं. काही आठवड्यांनी त्याच्याच गोष्टीतलं शेवटचं वाक्य त्याला लिहू दे, बाकीचं तू. मग शेवटची दोन. असं सरकत जायचं. मधल्या काळात कामाचं लिखाण त्याच्याकडे सोपव, सामानाची यादी, दारावरच्या कार्डावरचा मजकूर, धाकटीच्या पेटीत काय काय आहे त्याची चिठ्ठी. ज्या लिखाणाची कोणालातरी गरज आहे ते मूल लवकर करतं.

घरकामाला "ओढावं" असं समजू नकोस. नऊ वर्षांचा मुलगा कपडे धुण्याचं यंत्र लावू शकतो, वाळलेले कपडे घडी करून प्रत्येकाच्या कपाटात ठेवू शकतो. पाचची मुलगी मोज्यांच्या जोड्या लावेल, ताटं मांडेल. पहिल्यांदा सोबत करायचं, मग बाजूला उभं राहून बघायचं, मग एकट्यावर सोडायचं. आणि एकट्यावर सोडलेलं काम मागून जाऊन पुन्हा करायचं नाही, घडी वाकडी असली तरी. एकच काम महिनाभर एकाकडे राहू दे. रोज वाटप बदललं तर रोज वाद होतो.

आणि लिहिताना त्याची बैठक बघ. पाय जमिनीला टेकतात का, की लोंबकळतात? टेकत नसतील तर पायाखाली पाट किंवा खोकं ठेव. टेबल कोपराच्या उंचीला येतंय का? लांब पेन्सिलीऐवजी बोटभर उरलेली दे, ती मुठीत धरता येत नाही, चिमटीतच धरावी लागते. भिंतीवर मोठा कागद लावून उभ्याने लिहू दे, त्याने मनगटाची ठेवण सुधारते. एवढं करूनही काही महिन्यांत हात दुखतो म्हणत राहिला, अक्षरं उलटी किंवा गाळली जाणं थांबलं नाही, ओळीवरून नजर सरकते असं वाटलं, तर आधी डोळे तपास आणि नंतर ऑक्युपेशनल थेरपिस्टला (लिहिणं, हाताची कामं अशा रोजच्या क्रिया जमवायला मदत करणारे तज्ज्ञ) दाखव. शाळेत ही गोष्ट एखाद्या शिक्षकाच्या लक्षात येऊ शकते. घरी ती बघणारी तूच आहेस, म्हणून याला उशीर करू नकोस.